संगणकाची धूळ आणि निगेचे अर्थशास्त्र

शाळा-महाविद्यालयांच्या आणि कचेऱ्यांच्या जडवस्तू नोंदवहीत संगणकाच्या खरेदीची तारीख, किंमत व अनुक्रमांक असतो. त्यातील पंखा शेवटचा केव्हा साफ झाला, हे मात्र कोठेच लिहिलेले नसते. गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण ‘फार संथ झाला’ म्हणून जे संगणक निर्लेखित होतात, त्यांतील काहींचा विकार वार्धक्याचा नसून धुळीचा असतो, आणि हा फरक न ओळखण्याची किंमत सार्वजनिक पैशातून मोजली जाते.

प्रोसेसरला मिळालेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. ही उष्णता त्याच्यावर बसविलेल्या धातूच्या पातळ पात्यांत उतरते व पंखा ती हवेबरोबर बाहेर घालवितो. प्रोसेसर आणि धातू यांच्यामधील सूक्ष्म फटी बुजविण्यासाठी उष्णतावाहक लेप असतो. पात्यांत धुळीचा थर दाटला, किंवा काही वर्षांनी लेप सुकला, की उष्णता आत कोंडते. आजचे बहुतेक प्रोसेसर 100 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की आपला वेग आपणच उतरवितात. तेवढ्यानेही भागले नाही तर यंत्र बंद पडते. यंत्राच्या दृष्टीने ही योजना शहाणपणाची, पण व्यवस्थापनाच्या दृष्टीने ती फसवी आहे. यंत्र तक्रार करीत नाही, नुसते मंदावते. प्रवेशाच्या दिवसांत खिडकीपाशी रांग वाढते आणि दोष येतो कारकुनाच्या माथी!

अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने 1950 नंतरची काही वर्षे कोलंबियात काढली. विमाने नीट राखली जातात, रस्ते मात्र का राखले जात नाहीत, याचा विचार त्याने 1958 च्या आपल्या ग्रंथात केला आहे. विमानाच्या निगेत हयगय झाली तर अनर्थ ओढवतो. रस्ता खड्ड्यांसह वर्षानुवर्षे चालवून घेता येतो. संगणक या दृष्टीने रस्त्याच्या जातीचा आहे. स्वतःला वाचविण्याची त्याची सोयच निगेची सक्ती नाहीशी करते.

त्यात हिशेबाच्या पद्धतीची भर पडते. 2013 च्या कंपनी कायद्याने संगणकाचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे धरले. हा हिशेबाचा संकेत आहे. पण पुष्कळांच्या मनात तो यंत्राच्या आयुष्याचा अंदाज होऊन बसला आहे. शिवाय नवी खरेदी भांडवली खर्चात बसते, तिचे उद्‌घाटनही करता येते. सफाईचे काही शे रुपये सादिलवार खर्चातून काढायचे, तर खुलासे द्यावे लागतात.

संथपणाला भरलेली डिस्क वा अपुरी मेमरीही कारण असू शकते, हे खरे. पण सकाळी ठीक चालणारा संगणक तासाभराच्या कामानंतर रेंगाळू लागला, पंखा घरघरू लागला, तर संशय प्रथम धुळीवर घ्यावा. खडूच्या भुकटीत चालणाऱ्या संगणक-कक्षात तर अधिकच. उपायही अवघड नाही. वीजजोडणी काढून कॅबिनेट उघडावे, मऊ ब्रशने धूळ सैल करावी, पंखा बोटाने धरून हवेचा झोत द्यावा. ओले फडके आत नेऊ नये. लेप बदलणे जाणकारावर सोपवावे. कॅबिनेट टेबलाच्या बंद खणातून बाहेर काढून भिंतीपासून दूर ठेवण्यास तर काहीच पडत नाही. काही कार्यालयांत यंत्र चालू असतानाही प्लॅस्टिकचे आच्छादन अर्धवट तसेच असते. हा आदर यंत्राला सोसत नाही.

हमीची मुदत असेतो यंत्र उघडण्यास कर्मचारी कचरतात, आणि ती भीती रास्त आहे. म्हणूनच हे काम वार्षिक देखभालीच्या करारात घालावे. ‘बिघाड झाल्यास दुरुस्ती’ एवढ्यावर न थांबता दिवाळीच्या सुटीत एकदा आणि उन्हाळा लागण्यापूर्वी एकदा सफाई, असे कलम त्यात असावे. आणि तिची तारीख व सही यांसाठी जडवस्तू नोंदवहीत एक रकाना आखावा.