चूल जिंकली

गेल्या दिवाळीतली गोष्ट. पाडव्याला आम्ही सारे धाकट्या भावाच्या घरी जमलो होतो. जेवणे आटोपली, विडे झाले आणि पुतण्याने फोटोची टूम काढली. तीन पिढ्यांना दाटीवाटीने बसवून तो फर्मावू लागला, "मोठे काका, हलू नका हो! फोकस जातोय!"

"जाऊन जाऊन जाईल कुठे?" मी म्हटले. "चूलच ती. स्वयंपाकघरात सापडेल."

पोरगा बुचकळ्यात पडला. फोटो निघाला, पण फोकस म्हणजे चूल कशी, हे सांगितल्याशिवाय तो मला उठू देईना. त्याला जे सांगितले तेच आज वाचकांच्या पानात वाढतो.

'फोकस' हा मूळचा लॅटिन शब्द. प्राचीन रोमन माणसाच्या तोंडी त्याचा अर्थ अगदी साधा होता: घरातली चूल. त्या चुलीपाशी कुटुंबाचे गृहदेव नांदत. त्यांना 'लारेस' म्हणत आणि जेवणातला वाटा त्यांना अर्पण करीत. खुद्द विस्तवाला लॅटिनमध्ये शब्द होता 'इग्निस'. ऐकल्याबरोबर ओळख पटते ना? ऋग्वेदाचा आरंभ ज्या शब्दाने होतो, त्या आपल्या 'अग्नी'चा हा चुलतभाऊ. दोघांचे मूळ एकच.

आता एका बाजूला हा कुलीन इग्निस आणि दुसऱ्या बाजूला राखेने माखलेली चूल. कोण टिकेल, अशी पैज लागली असती तर आपण सर्वांनी इग्निसवर पैसे लावले असते आणि सर्वांचे बुडाले असते! लॅटिनपासून लोकांच्या निरनिराळ्या बोली झाल्या, तेव्हा इग्निस नित्याच्या बोलण्यातून गळून पडला आणि लोक विस्तवालाच 'चूल' म्हणू लागले. इटालियन माणूस आज आगीला म्हणतो 'फुओको', स्पॅनिश म्हणतो 'फुएगो', पोर्तुगीज 'फोगु', रुमानियन 'फोक', आणि फ्रेंच माणूस तर सारा शब्द गिळून नुसते 'फ' म्हणतो. या पाचही शब्दांच्या तळाशी तीच एक रोमन चूल आहे. आपल्याकडे अग्नी प्राकृतातून घासत घासत 'आग' झाला, पण जगला. तिकडे त्याच्या भावाला चुलीने घराबाहेर काढले.

असे का व्हावे? मला वाटते, सामान्य माणसाला विस्तव रोज भेटतो तो चुलीतच. तिथेच त्याची भाकरी भाजते आणि थंडीत हातपाय शेकतात. जी वस्तू रोज हाताशी, तिचेच नाव ओठांवर.

पुढे या चुलीचा संसार केवढा वाढला पाहा. चुलीवर भाजलेली ती इटलीची 'फोकाच्चा' रोटी. स्पॅनिशमध्ये घर, कुटुंब याला शब्द आहे 'होगार'. तोही चुलीचाच वंशज. स्पॅनिश जिभेने जुन्या 'फ'चा 'ह' केला आणि आता तोही उच्चारीत नाहीत, 'ओगार' असेच म्हणतात. पोर्तुगीजांनी घराला 'लार' म्हटले, म्हणजे चुलीपाशी बसणारे ते गृहदेवच! मध्ययुगीन फ्रान्समध्ये घरे मोजीत ती चुलींवरून, आणि चुलीमागे करही घेत. नाटकाच्या मध्यंतरात आपण ज्या 'फॉयर'मध्ये बटाटेवड्यासाठी धक्के खातो, तोही शब्द फ्रेंच चुलीचाच.

आणि 'कर्फ्यू'? जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'विस्तव झाका'. रात्री ठरल्या वेळी घंटा होई आणि लोक चुलीतला विस्तव राखेने झाकून निजत, म्हणजे गावाला आग लागू नये. आज ज्या शब्दाने रस्ते ओस पडतात, तो मुळात कुणा गृहिणीचे निजण्यापूर्वीचे शेवटचे काम होता.

राहिला पुतण्याचा कॅमेरा. १६०४ साली योहान्नेस केप्लर या जर्मन ज्योतिर्विदाने प्रकाशशास्त्रावरच्या आपल्या लॅटिन ग्रंथात भूमितीतल्या एका खास बिंदूला 'फोकस' हे नाव दिले. अंतर्वक्र आरसा उन्हात धरला की किरण एका बिंदूशी गोळा होतात आणि तिथे कापूस धरला तर पेट घेतो. चूलच की ती! पुढे १६०९ साली याच केप्लरने दाखवून दिले की मंगळ लंबवर्तुळात फिरतो आणि सूर्य त्या लंबवर्तुळाच्या एका फोकसमध्ये असतो. आपल्या गणिताच्या पुस्तकांत त्या बिंदूला 'नाभी' म्हणतात. मला मात्र केप्लरचा शब्द आवडतो: सूर्य चुलीत पेटलेला आणि ग्रह भोवती पाने मांडून बसलेले!

इग्निस अगदीच मेला असे नाही. मोटारीची किल्ली फिरवताना आपण 'इग्निशन' म्हणतो, त्यात तो आहे. पण ती विद्वानांनी पुस्तकातून काढून दिलेली नोकरी. घरात त्याला जागा उरली नाही.

पुतण्याला एवढे सांगून मी थांबलो. पण एक गोष्ट त्याला सांगितली नाही, ती इथे सांगतो. आपली मराठी या रोमन आजीबाईंशी न भेटताच एकमताची आहे. आपणही घर फुटले असे म्हणत नाही, 'वेगळी चूल मांडली' म्हणतो. आई गेल्यावर वर्षभरातच धाकट्याने वेगळी चूल मांडली. कारण क्षुल्लक होते, शब्द मात्र क्षुल्लक नव्हते, आणि त्यांतले पुष्कळसे माझे होते. सात दिवाळ्या फराळाचे डबे मुलांच्या हाती गेले आणि आले. त्या डब्यांबरोबर आम्ही भाऊ कधी गेलो नाही.

मागच्या वर्षी वसुबारसेला त्याचा फोन आला. इकडचे तिकडचे काही बोलला नाही. म्हणाला, "दादा, पाडव्याला तुम्हां सर्वांना चूलबंद आमंत्रण आहे."

चूलबंद! त्या दिवशी आमच्या घरी गॅस पेटवायचा नाही, सर्वांनी तिकडेच जेवायचे. दोन्ही घरांत चूल पाहिलेली पिढी आता आम्हां दोघांचीच. पण शब्द त्याला तोच सुचला आणि मला तोच पुरला.

तो फोटो आता माझ्या टेबलावर आहे. मी हललो होतो, त्यामुळे माझा चेहरा अंधुक आला आहे. पुतण्या म्हणतो, फोकस चुकला. मी त्याला सांगतो, "नाही रे बाबा, अगदी बरोबर जागी आहे."