शिक्षा डब्याला, गुन्हा पाककृतीचा

जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोहोचले, तेव्हा त्यांच्यासोबत गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरसही गेला. देशाने त्याचे भरभरून कौतुक केले आणि ते रास्तच होते. मात्र तो हलवा काही त्या सकाळी चुलीवरून उतरवलेला नव्हता. तो टिकवलेला होता. अन्न टिकवण्याचे हेच शास्त्र जमिनीवर किराणा दुकानाच्या फळीवर दिसले, की लगेच संशयित ठरते. भारतीय आरोग्यचर्चेत 'डबाबंद' हा शब्द आज जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. अंतराळात अभिमान आणि स्वयंपाकघरात विष, असे एकाच शास्त्राचे दोन न्याय कसे असू शकतात?

मे २०२४ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी भारतीयांसाठी १७ आहारसूत्रे प्रसिद्ध केली. देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहारामुळे आहे, असा त्यांचा अंदाज आहे. मीठ, साखर, चरबी यांचा अतिरेक असलेले आणि अतिप्रक्रियायुक्त पदार्थ कमी करा, हा त्यांचा सल्ला निर्विवाद आहे. पण तोंडोतोंडी पसरताना त्याचे 'डब्यातले काहीही खाऊ नका' असे रूपांतर झाले. वास्तविक 'अतिप्रक्रियायुक्त' ही संकल्पना ज्या 'नोव्हा' वर्गीकरणातून आली, त्यातच डबाबंद भाज्या, कडधान्ये आणि मासे यांना साध्या 'प्रक्रियायुक्त' गटात ठेवलेले आहे. शीतपेये आणि पाकीटबंद चटपटीत खाऊ यांचा गट वेगळा आहे. शास्त्राने काढलेली ही रेषा प्रचाराने पुसून टाकली.

सर्वांत चिवट गैरसमज परिरक्षकांचा आहे. डबा वर्षभर टिकतो, म्हणजे त्यात रसायन ओतलेलेच असणार, असे सहज गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात डबा टिकतो तो उष्णता आणि हवाबंद सील या दोन गोष्टींमुळे. भाजी, डाळ, मासे यांसारख्या कमी आम्लाच्या अन्नात खरे भय 'क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम' या जिवाणूच्या बीजाणूंचे असते. १२१ अंश सेल्सिअसला सुमारे ०.२१ मिनिटात त्यांची संख्या एक-दशांशावर येते. अशा बारा दशांशांची खात्री करायची, तर अन्नाच्या मध्यभागी ते तापमान सुमारे अडीच मिनिटे टिकावे लागते. तापमान दहा अंशांनी घटले, की लागणारा वेळ दहापट होतो. म्हणून १०० अंशांच्या साध्या उकळीला त्याच कामासाठी पाच तासांहून अधिक वेळ लागेल. कोकणातल्या आंब्याचा रस मात्र मुळात आंबट, त्यामुळे त्याला उकळीच्या आसपासचे तापमान पुरते. बीजाणू एकदा नष्ट झाले आणि डबा बंद राहिला, की परिरक्षकाला करण्यासारखे काही उरतच नाही. अशा डब्यावर 'परिरक्षक नाही' असे ठळक छापणारा उत्पादकसुद्धा ग्राहकाच्या अज्ञानावरच धंदा करतो.

हे तापमान परके वाटण्याचे कारण नाही. शिटी देणारा प्रेशर कुकर सुमारे १२० अंशांपर्यंतच जातो. राजमा-छोले त्यातच शिजतात आणि ते 'मेले' अशी तक्रार कोणी करत नाही. फरक इतकाच, की कुकरचे झाकण उघडते आणि जिवाणूंना पुन्हा वाट मिळते. (घरच्या कुकरात बरण्या बंद करून ठेवण्याचा प्रयोग मात्र कोणी करू नये. मध्यभागी नेमके किती तापमान पोहोचले, हे तिथे कळत नाही.)

पोषणाचा आक्षेप अर्धाच खरा आहे. उष्णतेने क जीवनसत्त्व आणि थायमिन घटतात, हे मान्यच करावे लागेल. पण 'ताजी' म्हणून आणलेली भाजी मंडईत आणि घरात पडून राहते, तेव्हाही तिचे क जीवनसत्त्व घटतच असते. प्रथिने, तंतू आणि खनिजे उष्णतेला फारशी दाद देत नाहीत. टोमॅटोतले लायकोपीन तर शिजवल्यावर शरीराला अधिक सहज मिळते. डब्यातल्या तारलीचे काटे इतके मऊ होतात, की ते खाल्ले जातात आणि त्यांच्यासोबत कॅल्शियमही मिळते.

मग आरोप कशावर ठेवायचा? मिठावर आणि साखरेवर. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मिठाची आहे. खारे पाणी भरलेला डबा त्या मर्यादेचा मोठा वाटा एका जेवणात संपवू शकतो. पाकात बुडालेल्या फळांची आणि रसगुल्ल्यांची कथाही तीच. पण ही साखर डबा बंद होण्याआधी पातेल्यात पडलेली असते. ती तिथे धातूच्या पत्र्याने टाकलेली नसते, माणसाने टाकलेली असते. हाच निकष लावला, तर घरचे लोणचे आणि पापडही निर्दोष सुटत नाहीत. कडधान्याच्या डब्यातले पाणी ओतून दाणे धुतले, तर बरेचसे मीठ निघून जाते. फरसाणाच्या पाकिटाला ही सोय नाही.

डब्यावरचा एक आक्षेप मात्र खरोखर डब्याचाच आहे, आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पत्र्याच्या आतील अस्तरातून बिस्फेनॉल-ए अन्नात उतरू शकते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्याची सुरक्षित दैनंदिन मर्यादा वीस हजार पटींनी खाली आणली आणि डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नसंपर्कातील त्याच्या वापरावर बंदी स्वीकारली. अमेरिकी नियामकाची भूमिका वेगळी आहे. भारतात मागणी व्हायला हवी ती अस्तर बदलण्याची. अस्तराच्या दोषासाठी अन्न टिकवण्याची विद्याच फेकून देणे, हे भांडे कळकले म्हणून स्वयंपाक सोडण्यासारखे आहे.

या गोंधळाची किंमत शेतकरी आणि ग्राहक दोघेही मोजतात. मे २०२३ मध्ये नाशिक भागात भाव कोसळल्याने शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. दोनच महिन्यांनी देशातील अनेक शहरांत किलोचा भाव शंभर रुपयांपलीकडे गेला. टोमॅटो उत्पादनात जगात दुसरा असलेला देश मे महिन्याचा माल जुलैपर्यंत नेऊ शकत नाही, ही शेतीची हार नव्हे. ती साठवणुकीची हार आहे. टिकवलेल्या अन्नाकडे केवळ संशयाने पाहणारा समाज त्या साठवणुकीची मागणी तरी कशी करणार?

लढाई लढायचीच असेल, तर ती वेष्टणाच्या दर्शनी भागावर लढावी. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये पदार्थांना अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे देण्याचा मसुदा काढला. तारा ही शाबासकीची खूण आहे. मिठाने भरलेल्या पाकिटालाही ती अर्धी का होईना, शाबासकीच देते. ग्राहकाला हवा आहे स्पष्ट इशारा: यात मीठ जास्त, यात साखर जास्त. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आहे. तोवर फुगलेला, गळका किंवा शिवणीवर चेपलेला डबा टाकून द्यावा. बाकीचे डबे फिरवून मागची बारीक अक्षरे वाचावीत. 'डबाबंद म्हणजे विष' या घोषणेने मीठ-साखर विकणाऱ्यांना काडीचाही त्रास होत नाही. त्यांचा बहुतेक माल डब्यात नसतोच; तो चकचकीत पाकिटात असतो.