मुहूर्त आधी की चाचणी आधी?

पनवेलजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत मासळीवर प्रक्रिया करून ती गोठवणारे कारखाने आहेत. अशा कारखान्यांचा प्राण म्हणजे शीतकरण यंत्रणा आणि तिच्या नळ्यांतून बहुधा अमोनिया खेळत असतो. नवी यंत्रणा उभी राहिली की पूजा होते, श्रीफळ वाढवले जाते, पाहुण्यांच्या हस्ते कळ दाबली जाते. या मंगल प्रथेला कोणाचीच हरकत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो मुहूर्त कोणी ठरवायचा, हा!

अमोनिया हा गुणी वायू आहे. तो उणे 33 अंशांवर उकळतो, उकळताना भरपूर उष्णता शोषतो आणि ओझोनच्या थराला अपाय करीत नाही. मात्र हवेच्या दहा लाख भागांत त्याचे 300 भाग झाले, तरी जिवावर बेतू शकते. एरवी हवेहून हलका असलेला हा वायू द्रवरूपात निसटला, तर थंड धुके होऊन जमिनीलगत पसरतो.

म्हणूनच पहिला दिवस सर्वांत नाजूक. तेव्हा सांधे न कसलेले असतात आणि हात न सरावलेले. वायू भरण्यापूर्वी कोरड्या नायट्रोजनने दाबचाचणी व्हावी; त्यासाठी ऑक्सिजन वापरणे म्हणजे तेलाशी संयोग होऊन स्फोटाला आमंत्रण. नंतर निर्वात करून हवा व ओलावा काढावा आणि मग अमोनिया थोडाथोडा सोडत प्रत्येक सांधा तपासावा. तांबे-पितळेला हा वायू खातो, हेही विसरू नये. वायुसूचक, निष्कासन पंखे आणि दाराबाहेरची बंद करण्याची कळ प्रत्यक्ष चालवून पाहावी. श्वसनसाधने यंत्रघराबाहेर ठेवावीत; आत ठेवलेली साधने ऐनवेळी काय कामाची?

घाईची किंमत कॅनडातील फर्नी गावाने मोजली आहे. तेथील बर्फक्रीडागृहाची यंत्रणा जुनी होती. गळती लक्षात आल्यावर बंद केलेला तिचा शीतक पुन्हा सुरू करण्यात आला. 17 ऑक्टोबर 2017 रोजी अमोनिया सुटला आणि तिघांचा बळी गेला. यंत्र नवे असो वा जुने, ‘सुरू करा’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार चाचणीलाच हवा.

भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर, 1987 साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोक्याची माहिती कामगारांना व परिसरातील जनतेला देण्याचे बंधन घालण्यात आले. परंतु कागदावरच्या माहितीने जीव वाचत नाही. कोळंबी सोलणाऱ्या भगिनींना भोंग्याचा अर्थ त्यांच्या भाषेत कळला पाहिजे. वाऱ्याची दिशा पाहून त्याला आडवे निघायचे, याचा सराव पाहिजे. शेजारच्या गावांनाही कोणाला कळवायचे हे ठाऊक असले पाहिजे.

ज्या दिवशी चाचणीची शेवटची नोंद निर्दोष उतरेल आणि जबाबदार अभियंता तिच्याखाली निःशंक मनाने स्वाक्षरी करील, तोच खरा शुभदिन. श्रीफळ त्या दिवशी वाढवावे!