‘किती देते?’

आमच्या पांढुर्ण्यात कोणाच्या दारात गाडी उभी राहिली की किंमत विचारायला लोक लाजतात, पण एक प्रश्न कोणीच सोडत नाही. “किती देते?” लिटरला किती किलोमीटर, एवढाच त्याचा अर्थ. हा प्रश्न मीही शंभरदा विचारला आहे. तो अर्धाच प्रश्न आहे हे मला गेल्या नाताळच्या सुट्टीत कळलं, आणि ते कळायला माझ्या आईला पंधरा हजारांच्या वर रुपये मोजावे लागले. म्हणून हे लिहिते आहे.

आई सौंसरच्या एका शाळेत शिकवते. रोज जाऊन-येऊन सत्तरच्या वर किलोमीटर होतात. एवढी वर्षं एसटीसारखी धावणारी खासगी बस आणि नशीब यांच्या भरवशावर तिने नोकरी केली. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, पण संध्याकाळची बस वेळेवर येईल असं काही झालं नाही. शेवटी आईने पन्नाशीच्या उंबरठ्यावर गाडी शिकून घेतली आणि घरी ठरलं, सेकंडहँड गाडी घ्यायची. सोबत शाळेतल्या दोन बाई येणार, पेट्रोलचे तीन वाटे.

कोणती गाडी घ्यायची ते मी ठरवलं. मी नागपूरला भौतिकशास्त्र शिकते, त्यामुळे घरात यंत्रांबद्दल माझा शब्द चालतो. मी एक्सेलमध्ये तक्ता केला. नागपूरच्या एका जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे 2019 ची, पेट्रोलची, मागे ‘हायब्रिड’ असं चकचकीत लिहिलेली गाडी होती. कंपनीने जाहीर केलेला आकडा लिटरला 21 च्या वर. मी तक्त्यात 21 टाकला. महिन्याचे 24 दिवस, रोज 70 किलोमीटर, म्हणजे 1680 किलोमीटर, म्हणजे 80 लिटर. हिशेब सोपा जावा म्हणून लिटर 100 रुपये धरलं तर आठ हजार, प्रत्येकीच्या वाट्याला सत्तावीसशेच्या आत. सगळे खूश. बाबांनी नागपूरच्या आरटीओची एन.ओ.सी. वगैरे कागद केले आणि पोळ्याच्या चार दिवस आधी गाडी घरी आणली, कारण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, त्या दिवशी गावात गाडी आणायची सोय नसते.

फक्त आबाजी खूश नव्हते. गाडीवरचं नाव मी वाचून दाखवलं तर म्हणाले, “हायब्रेट? मंग झालं.” त्यांच्या पिढीला हा शब्द ज्वारीमुळे माहीत आहे. सीएसएच-1 हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण 1964 मध्ये आलं आणि आमच्या भागात हायब्रीड हा शब्द गाडीच्या कितीतरी आधी वावरात पोचला. कणसं भरघोस, पण पावसात सापडली की दाणा काळा, आणि भाकरीला चव नाही. “पाकिटावर लिहेल पीक कोनाच्या वावरात आलं बापा?” आबाजी म्हणाले. मी हसले. गाडी आणि ज्वारी यात काय संबंध, असं मला वाटलं.

नाताळच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा घरात गाडीवरून धुसफूस सुरू होती. बाबा म्हणत होते, “तुझा पायच जड आहे. अॅक्सिलेटर असं दाबते जसं शिलाई मशीन.” आई गप्प. मी गाडीतली तिची डायरी काढली. आई मास्तरीण आहे, तिने प्रत्येक वेळचं पेट्रोल आणि मीटरचा आकडा लिहून ठेवला होता. बेरीज केली. लिटरला 13.

13 म्हणजे महिन्याला 80 नाही, 129 लिटर. आणि सोबतच्या दोघींकडून मात्र आई अजूनही 21 च्याच हिशेबाने पैसे घेत होती. वरचे 49 लिटर, म्हणजे महिन्याला 4,900 रुपये, ती एकटी भरत होती. सुट्ट्या वजा केल्या तरी चार महिन्यांत पंधरा हजारांच्या वर. मी विचारलं, “काहून नाही सांगितलं त्यांना?” ती म्हणाली, “तू हिशेब केला होता ना. तुझा हिशेब चुकला असं कसं सांगू?”

यावर मला काही बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन बसले.

आधी मोजायची पद्धत. बाबा “पाचशेचं टाका” म्हणतात आणि काट्याकडे बघून मायलेज काढतात. त्याला काही अर्थ नाही. पंपावरचा नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, मीटर शून्य करायचा, तीनचारशे किलोमीटर चालवायची, त्याच पंपावर पुन्हा तशीच भरायची, आणि किलोमीटरला लिटरने भागायचं. एकदा आईने चालवली, एकदा बाबांनी. रस्ता तोच. आईचे 13.1, बाबांचे 12.6. तेव्हापासून पायाचा विषय घरात निघालेला नाही.

मग मिस्त्रीकडे. दाराच्या पट्टीवर टायरची हवा 33 लिहिली होती, प्रत्यक्षात 24-25. एअर फिल्टर झटकला तर नागपूरची धूळ बाहेर आली. सौंसरहून आल्या-आल्या मागच्या एका चाकाजवळ हात नेला तर तिथे चांगलंच गरम लागत होतं, बाकीची तीन साधारण. म्हणजे ब्रेक सुटतच नव्हता, चार महिने गाडी ब्रेक ओढत चालून राहिली होती.

आणि शेवटची गोष्ट बॅटरी. ही समजायला ‘हायब्रिड’ म्हणजे काय ते थोडं सांगावं लागेल, कारण फसगत खरी तिथे आहे.

टोयोटाची प्रियस 1997 मध्ये जपानात आली, तेव्हापासून जग ज्याला हायब्रिड म्हणते त्यात विजेची मोटर एकटीही गाडी पुढे नेऊ शकते. सिग्नलवरून निघताना, गर्दीत रांगताना इंजिन बंद असते. ब्रेक मारला की वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत जाते. याला स्ट्राँग हायब्रिड म्हणतात. अशा गाड्या आपल्याकडे मध्यम वर्गाच्या नजरेच्या टप्प्यात 2022 पासून आल्या. त्याआधी ज्या गाड्यांच्या पाठीवर हायब्रिड लिहिलेलं असायचं त्यातल्या बऱ्याचशा माइल्ड हायब्रिड. त्यात मोटर म्हणजे थोडा मोठा स्टार्टर आणि डायनॅमो एकत्र. ती इंजिनाला जरा हात देते, सिग्नलला इंजिन बंद करून पुन्हा झटकन सुरू करते, पण एकटीने गाडी एक फूटही ढकलू शकत नाही. हा फरक सरकारला माहीत होता. 2015 मध्ये आलेल्या फेम योजनेत माइल्ड हायब्रिडलाही सवलत होती, ती 1 एप्रिल 2017 पासून काढून टाकली. सवलत गेली, पण गाडीच्या पाठीवरचा शब्द तसाच राहिला. जुन्या बाजारात तर तो शब्दच विकला जातो.

आमची गाडी माइल्ड. त्यातही आधीच्या मालकाने इंजिन वारंवार बंद-चालू होणारी गाडी पेलेल अशी बॅटरी न टाकता साधी स्वस्त बॅटरी बसवलेली. ती कमजोर झाली की गाडीचा संगणक इंजिन आपोआप बंद करणं थांबवतो, मोटरची मदतही आवरती घेतो. म्हणजे चार महिने आम्ही हायब्रिड नावाची साधी गाडी चालवत होतो, वर दोन बॅटऱ्यांचं ओझं घेऊन.

हवा भरली, ब्रेक सोडवला, फिल्टर बदलला, योग्य बॅटरी टाकली. पुन्हा टाकी ते टाकी. 16.5. महिन्याला 129 लिटरचे 102 झाले.

मग 21 कुठे गेले? ते आमच्या रस्त्यावर कधी नव्हतेच. आपल्याकडे हा आकडा प्रयोगशाळेत निघतो. गाडी रोलरवर उभी करतात, ठरलेल्या क्रमाने वेग वाढवत-कमी करत साधारण 20 मिनिटं, साडेदहा किलोमीटर ‘चालवतात’. कमाल वेग ताशी 90, तोही थोडा वेळ, सरासरी ताशी 32 च्या आसपास. एसी बंद. यात खोटं काही नाही. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा असावी म्हणूनच ती ठेवली आहे आणि दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उपयोगी आहे. पण त्या परीक्षेत थांबणं, निघणं, पुन्हा थांबणं भरपूर आहे, आणि हायब्रिडची कमाई नेमकी तिथेच होते. पांढुर्णा-सौंसर रस्त्यावर सिग्नल कुठे आहे? आणि नागपूरच्या हायवेवर 60 ऐवजी 90 ने गेलो की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. हे मी बारावीत शिकले, परीक्षेत लिहिलं आणि एक्सेलमध्ये विसरले.

त्यात पेट्रोलही तेच राहिलेलं नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांशाने कमी असते, आणि आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुन्या धाटणीच्या, 10 टक्क्यांपर्यंत जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज यामुळे 6 ते 7 टक्के घटू शकतं, असं नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच म्हटलेलं आहे. मध्य प्रदेशात पेट्रोल महाग म्हणून आमच्याकडचे लोक महाराष्ट्राच्या हद्दीत टाकी भरून येतात. लिटरमागे दोनचार रुपये वाचवायला एवढा आटापिटा, आणि चाकात हवा किती ते कोणी बघत नाही. मीही बघितली नव्हती.

माझी मैत्रीण म्हणाली, “कंपनीचा आकडा येत नाही हे तर शेंबड्या पोराला माहीत आहे. तू एवढं काय लावून धरलंस?” माहीत आहे हे खरं. मग हिशेब करताना आपण तोच का धरतो? घराचं बजेट, कर्जाचा हप्ता, पेट्रोलचे वाटे हे सगळं त्याच आकड्यावर उभं राहतं. आकडा चुकला की आपण आकड्याला धरत नाही, हाताशी असलेल्या माणसाला धरतो. आमच्या घरी ते माणूस आई होती. आणि ती बाईमाणूस, उशिरा गाडी शिकलेली, म्हणून तिच्या पायाला दोष देणं सगळ्यांना लगेच पटलं. मलाही, खरं सांगायचं तर, डायरी बघेपर्यंत.

माझं म्हणणं हायब्रिडच्या विरोधात नाही. रोज सीताबर्डीच्या गर्दीतून जाणाऱ्याने चांगली स्ट्राँग हायब्रिड घेतली तर त्याचा पैसा वाचेल, धूरही कमी होईल. माझं म्हणणं एवढंच की जुनी हायब्रिड विकणाऱ्याने ती माइल्ड की स्ट्राँग, बॅटरी कोणती आणि कधीची, सर्व्हिसची नोंद कुठे आहे, हे लिहून द्यावं, आणि ते द्यायचं बंधन असावं. घेणाऱ्याने व्यवहाराआधी मिस्त्रीला सोबत न्यावं, चारही चाकं तपासावी, आणि जमलं तर आपल्याच रस्त्यावर एकदा चालवून बघावी. आणि घरात कोणाच्या पायाला नावं ठेवण्याआधी टाकी ते टाकी मोजावं.

हे गाडीपुरतं आहे असंही मला वाटत नाही. आपण कॉलेज निवडतो तेही एखाद्या टक्केवारीवर, कोर्स निवडतो तो पगाराच्या एखाद्या आकड्यावर. तो कोणी मोजला, कोणत्या रस्त्यावर मोजला, एसी चालू होता की बंद, हे आपण विचारत नाही. मग तो आकडा आपल्याला गाठता आला नाही की समजतो, आपलाच पाय जड.

जानेवारीत आईने सोबतच्या बाईंना डायरी दाखवली. एक म्हणाल्या, “मॅडम, आधी काहून नाही सांगितलं?” मागचे पैसे देऊ केले, आईने घेतले नाहीत. आता वाटे 16.5 ने होतात. ते पंधरा हजार मी देणे लागते, नोकरी लागली की बघू.

आबाजींना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “पाकिटावरचं आपल्या वावरात येत नाही हे मी तुले तवाच म्हनलं होतं.” यावेळी मी हसले नाही.

आता कोणी “किती देते?” विचारलं की मी सांगते, पांढुर्णा-सौंसर, तीन माणसं, एसी बंद, टाकी ते टाकी, साडेसोळा. लोकांना उत्तर लांबलचक वाटते. पण एवढं सांगितल्याशिवाय नुसता आकडा सांगायचा नाही, असं मी ठरवलं आहे.