शिरा मिटवता येतात, पण स्टूल कुठे आहे?

पायावर उमटणाऱ्या निळ्या-जांभळ्या बारीक शिरांच्या जाळ्याची, म्हणजे 'स्पायडर व्हेन्स'ची चर्चा आपल्याकडे बहुधा सौंदर्याच्या सदरात होते. माझ्या मते तो तितकाच कामगार-कायद्याचा विषय आहे. त्याचा दाखला चेन्नईत सापडतो.

६ सप्टेंबर २०२१ रोजी तमिळनाडू विधानसभेत एक छोटेसे विधेयक मांडले गेले. १९४७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात त्याने '२२-अ' हे कलम घातले. प्रत्येक आस्थापनेत सर्व कर्मचाऱ्यांसाठी बसण्याची योग्य सोय असावी आणि कामाच्या ओघात संधी मिळेल तेव्हा त्यांना बसता यावे, एवढेच त्यात म्हटले आहे. केरळने २०१८ मध्ये असाच बदल केला होता. त्यामागे कोझिकोडच्या दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांचा दीर्घ लढा होता. त्यागराय नगरच्या रंगनाथन रस्त्यावर ज्याने दिवाळीची खरेदी केली आहे, त्याला या कलमाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. (वसंतबालन यांचा २०१० चा 'अंगाडि तेरु' हा चित्रपट याच रस्त्यावरच्या कापड-दुकानांतील नोकरांचा आहे. अवश्य पाहावा.)

शरीरशास्त्र काय सांगते? स्तब्ध उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्यापाशी नीलेतील दाब सुमारे ९० मिलिमीटर पारा इतका असतो. हृदयापासून पावलापर्यंतच्या रक्तस्तंभाचा तो भार. माणूस चालू लागला की पोटरीचे स्नायू नीला पिळतात, आतल्या झडपा रक्ताला मागे फिरू देत नाहीत आणि दाब ३० च्या आसपास किंवा त्याहून खाली उतरतो. दहा-दहा तास एका जागी उभे राहणाऱ्याच्या वाट्याला ही उसंत येत नाही. अर्थात सारे खापर उभे राहण्यावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. आनुवंशिकता, वय आणि गर्भारपण यांचाही वाटा मोठा आहे. दीर्घकाळ उभे राहण्याचा संबंध फुगलेल्या, पिळवटलेल्या 'व्हेरिकोज' नीलांशी अधिक स्पष्टपणे जोडला जातो.

आता उपचार. एक मिलिमीटरपेक्षा बारीक असलेल्या या शिरांवर आजही पहिली पसंती स्क्लेरोथेरपीला दिली जाते. अतिशय बारीक सुईने पॉलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट शिरेत सोडतात. शिरेचे अस्तर दुखावते, भिंती एकमेकींना चिकटतात आणि शरीर ती शिर हळूहळू शोषून घेते. पॉलिडोकॅनॉल मुळात बधिरीकरणासाठी घडवलेले औषध होते, ही मला नेहमीच गंमत वाटत आली आहे. याला काही आठवडे लागतात आणि बहुधा एकाहून अधिक बैठका. डाग राहू शकतात, क्वचित नवी तांबूस जाळीही उमटते.

लेझरची जाहिरात मात्र अशी होते, जणू सुई जुनाट आणि प्रकाश आधुनिक. लेझरचे तत्त्व सुंदर आहे, यात शंका नाही. १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश यांनी ते 'सायन्स'मध्ये मांडले : विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश हिमोग्लोबिनने शोषावा आणि आजूबाजूची त्वचा वाचावी. पण त्वचेतील मेलानिनही तोच प्रकाश शोषते. गोऱ्या कातडीवर बेतलेली यंत्रणा सावळ्या पायावर तशीच वापरली, तर शिर जाऊन भाजल्याचा डाग मागे राहायचा. म्हणून आपल्याकडे १०६४ नॅनोमीटरचे एनडी-याग लेझर तुलनेने सुरक्षित मानले जाते. दवाखान्यात शिरल्यावर पहिला प्रश्न तरंगलांबीचा विचारावा.

दुसरा प्रश्न डॉपलर सोनोग्राफीचा. पाय जड होणे, सूज, घोट्याजवळ काळवंडलेली त्वचा अशी लक्षणे असतील, तर खोलवरच्या झडपा गळत असू शकतात. तेथे आधी मोठ्या नीलेवर लेझर किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने आतून उपचार करावे लागतात. मूळ गळती तशीच ठेवून वरची जाळी मिटवणे म्हणजे छत गळत असताना भिंतीला रंग देणे.

दाब देणाऱ्या घट्ट मोज्यांचा सल्ला तर सगळेच देतात. लक्षणे त्यांनी हलकी होतात, आधीच उमटलेल्या शिरा मात्र जात नाहीत. शिवाय मे महिन्यातल्या चेन्नईत गुडघ्यापर्यंतचे मोजे दिवसभर घालून दाखवावेत, ही सल्ला देणाऱ्यांना माझी नम्र विनंती.

इंजेक्शननंतर रुग्णाला सांगितले जाते : चालत राहा, फार वेळ एका जागी उभे राहू नका. साडीच्या दुकानातली मुलगी हे पथ्य कुठे पाळणार? तिच्यासाठी २२-अ हे कलम उपचाराचाच भाग आहे, आणि त्यात स्टुले किती आणि बसायचे किती वेळ याचा उल्लेख नाही. 'योग्य सोय' म्हणजे काय, हे मालकाच्या मर्जीवर सोडले आहे. चेन्नईत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी पुढच्या खरेदीला जाताना एवढे पाहावे : मजल्यावर माणसे किती, स्टुले किती, आणि त्यांपैकी कितींवर कापडाचे गठ्ठे ठेवलेले आहेत.