बागकामाचा धंदा : कागद स्वस्त, अपघात महाग

अजिंठ्यासारख्या पर्यटनाच्या गावात हॉटेल, शाळा, बंगल्यांच्या बागा फुलवून देण्याचा धंदा थोड्या भांडवलात उभा राहू शकतो. ‘परवान्यातच पैसे संपतात’ ही भीती मात्र अनाठायी आहे.

कागदपत्रे कोणती? उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत. कामगार कायद्यातील मर्यादेपेक्षा कमी असतील, तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार व्यवसायाची ऑनलाइन सूचना पुरते. बाग करून देणे ही सेवा. वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी. आंबा-पेरूची कलमे विकायची असतील, तर १९६९ च्या कायद्यानुसार कृषी विभागाचा रोपवाटिका परवाना हवाच.

भांडवल कुठून? मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते. आधी अवजारे, पाइप आणि गवत कापायचे यंत्र घ्या. टेम्पो भाड्याने चालेल. उन्हाळ्यातल्या टँकरचे पैसे बाजूला ठेवा. रोपे वाळली तर भुर्दंड कोणाचा, हे करारात लिहून घ्या.

विमा कशासाठी? फांद्या छाटताना कामगार पडला, तर भरपाईची जबाबदारी मालकाची. पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण देतो. पण तो मालकाची जबाबदारी उचलत नाही. त्यासाठी कामगार नुकसानभरपाई विमा वेगळा घ्यावा लागतो.

काम देणाऱ्यांनीही केवळ कमी दर पाहू नये, विम्याची पावतीही मागावी. नाहीतर त्या स्वस्ताईची किंमत मजुराचे घर मोजते.