शीर्षक आपल्याला दिसतं, संगणकाला कळतं का?



प्रश्नपत्रिका किंवा निबंध टाइप करताना आपण शीर्षक कसं देतो? अक्षरं मोठी करायची, ठळक करायची, मध्यभागी आणायची. आपल्या डोळ्यांना ते शीर्षक वाटतं. संगणकाच्या लेखी मात्र ती जाड अक्षरांतली एक साधी ओळच असते.

याचा फटका बसतो दृष्टिहीन मुलांना. ही मुलं एनव्हीडीएसारख्या मोफत स्क्रीन रीडरच्या मदतीने ऐकून वाचतात. शीर्षक 'शीर्षक' म्हणून नोंदवलेलं असेल, तर ब्राउझ मोडमध्ये 'एच' ही एकच कळ दाबून पुढच्या घटकावर जाता येतं. नसेल, तर ओळीन् ओळ ऐकत बसायचं.

जुन्या फॉन्टची गोष्ट तर आणखी वेगळी. कृतीदेवमध्ये 'कमल' टाइप केलं, की फाइलमध्ये इंग्रजी डी, ई, वाय ही अक्षरं साठवली जातात. फॉन्ट त्यांना फक्त मराठी मुखवटा चढवतो. स्क्रीन रीडर मुखवट्याआडचं वाचतो. मुलाच्या कानावर 'कमल' येतच नाही. युनिकोडमध्ये 'क' म्हणजे 'क'च.

हे सुधारायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. वर्ड, लिबरऑफिस, गूगल डॉक्स या तिन्हींत 'हेडिंग १', 'हेडिंग २' हे पर्याय आहेत. घटकाला पहिला, उपघटकाला दुसरा द्या. चित्राला पर्यायी मजकूर लिहा. झालं!

"आधीच ऑनलाइन कामं काय कमी आहेत?" असं तुम्ही म्हणाल. खरंय. पण यात कष्ट वाचतातही: हेडिंग दिली असतील तर अनुक्रमणिका आपोआप तयार होते.

तरी सगळा भार शिक्षकावर टाकणं मला पटत नाही. साधनच असं हवं, की नेहमीच्या सवयीने टाइप केलं तरी रचना नीट व्हावी. अक्षर मोठं करण्याचं बटण जेवढं चटकन सापडतं, तेवढंच 'शीर्षक'ही सापडायला हवं. आणि संगणक प्रशिक्षणात टायपिंगइतकंच महत्त्व याला मिळायला हवं.

पालकहो, शाळेची फाइल आली की त्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर पेस्ट करून पाहा. इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटली, तर शाळेला आपुलकीने जरूर सांगा. तुमच्या मुलाला दिसत असेल. शेजारच्या बाकावरच्या मुलालाही तीच प्रश्नपत्रिका वाचायची आहे.